बर्फावर न्यायचा कंदील

माझ्या घरमालकाला त्याच्या मुलाने फसवलं, आणि फसवताना माझं नाव वापरलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी म्हाताऱ्याच्या तऱ्हा सांगत बसेन, आणि वाचणाऱ्याला वाटेल की याचा राग निवला. निवलेला नाही.

घरमालक डच, वय ऐंशीच्या पुढे. नीउ-व्हेनेप या गावात त्याची एकमेकांना चिकटलेली दोन घरं होती. एकात तो एकटा राहायचा, दुसऱ्यात मी आणि माझी बायको. नोकरीची सगळी वर्षं त्याने इथल्या नगरपालिकेत बांधकाम परवान्यांच्या खिडकीवर काढली होती. लोकांना परवानगी नाकारण्याची त्याला इतकी सवय झाली होती की निवृत्तीनंतरही त्याच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो ‘नेय’. म्हणजे नाही. नळ गळतोय म्हटलं की नेय. तुमच्या शेडमध्ये सायकल ठेवू का विचारलं की नेय. मग तो आत जायचा, कॉफी प्यायचा आणि थोड्या वेळाने पाना घेऊन आमच्या दारात उभा राहायचा. ‘कुठला नळ?’

हे कळायला मला वेळ लागला, कारण ‘नाही’ म्हणजे सौद्याची सुरुवात असं मी लहानपणापासून शिकलो होतो. माझे वडील गुरांच्या बाजारात दलाल होते. रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून भाव ठरवायचे. बघणाऱ्याला काही कळायचं नाही. मी इथे बायकोच्या परमिटवर आलो. ती आयटीतली, मी कशातलाच नाही. विमानतळाजवळ, बाडहूव्हडॉर्पला, एका मालवाहू कंपनीच्या गोदामात खोकी उचलायला लागलो आणि त्याच कंपनीची सगळी खरेदी आज मी बघतो. कुणी हात दिला नाही. भाव पाडत पाडत वर आलो.

तर घर बघायला गेलो त्या दिवशी मी भाड्यासाठी एक आकडा टाकला. तो म्हणाला, ‘नेय.’ मी थोडा चढलो. ‘नेय.’ आणखी चढलो. तेव्हा त्याने हात वर केला.

‘तू मला वाक्य पूर्ण का करू देत नाहीस? नेय म्हणजे मी विचार करतोय. विचार झाला. तुझा पहिला आकडा ठीक आहे.’

‘आणि मी नंतर जे वाढवले ते?’

‘ते तू घाबरून वाढवलेस. घाबरलेल्या माणसाकडून मी भाडं घेत नाही.’

माझ्या सगळ्या धंद्याच्या आयुष्यात मला कुणी इतकं उघडं पाडलं नव्हतं. मी चिडलो. बायको बरोबर होती, ती घरी पोचेपर्यंत हसत होती.

तो मला नावाने हाक मारत नसे. ‘बूरमान’ म्हणायचा, म्हणजे शेजारी. मी त्याला ‘मेनीर’ म्हणायचो, म्हणजे साहेब. घरात बायको आणि मी बोलताना तो ‘आजोबा’ होता, पण ते त्याला कधी कळू दिलं नाही. नेय म्हणाला असता.

त्याच्या घरात टीव्ही नव्हता. दिवाणखान्यात तो इतकी थंडी ठेवायचा की कॉफीच्या कपाला दोन्ही हातांनी धरून बसावं लागे. शेडमध्ये एक लांबलचक पेटीसारखा फ्रीझर होता. त्यात वाटाणे, पाव, हेरिंग मासे आणि कंदील.

हो, कंदील. त्याचे वडील उत्तरेकडच्या मोठ्या पाण्यावरचे कोळी होते. कडक हिवाळ्यात पाणी गोठलं की होड्या अडकायच्या, मग ते लोक चालत बर्फावर जायचे, भोकं पाडायचे, खाली जाळी सोडायचे आणि लाकडाच्या ओंडक्यांनी बर्फ बडवून मासे जाळ्याकडे हाकायचे. पहाटे अंधारात निघायचं, म्हणून कंदील. लहानपणी तोही दोन-तीनदा गेला होता. पुढे वडिलांनी होडी विकली, हा नगरपालिकेत चिकटला आणि हिवाळे मऊ होत गेले. तसा बर्फ पुन्हा धरला की एकदा जायचं, भोक पाडायचं आणि गळ टाकून बसायचं, एवढी एकच इच्छा त्याने शिल्लक ठेवली होती. बर्फ त्याच्या हातात नव्हता. कंदील होता. म्हणून दर ऑक्टोबरला तो नव्याने कंदील निवडायला बसायचा.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी सगळं बंद झालं, त्याच्याकडे कुणी येईना, आणि त्या कामाला मीच सापडलो. कुंपणाच्या अलीकडे मी, पलीकडे तो, मधे दीड मीटर अंतर.

‘मेनीर, बॅटरीचा घ्या. बटण दाबलं की झालं.’

‘नेय.’

पण दुसऱ्या दिवशी मी दिलेला बॅटरीचा कंदील त्याच्या फ्रीझरमध्ये वाटाण्यांवर पेटत बसला होता. रात्रभर ठेवला. सकाळी त्याने झाकण उघडून मला बोलावलं. उजेड काजव्याइतका उरला होता.

‘हा तुझ्यासारखा आहे,’ तो म्हणाला. ‘थंडी पडली की बोलणं कमी होतं.’

‘सेल चांगले नसतील.’

‘सेल तूच आणलेस, बूरमान. घासाघीस करून आणले असतील.’

आणले होते.

मग गॅसचा. लहान नळकांडं लावायचं, जाळी पेटवायची. तो पेटवल्यावर मला आमच्याकडच्या वरातीतल्या गॅसबत्त्यांची आठवण आली. तोच फुसफुस आवाज. मला तो आवडला. म्हाताऱ्याने डोळे मिटले, कान दिला आणि बंद केला.

‘का? उजेड तर झकास आहे.’

‘बर्फ बोलतो. तडा जायच्या आधी आवाज करतो. ज्या दिव्याच्या आवाजात बर्फ ऐकू येत नाही, तो दिवा माणसाला घरी आणत नाही.’ शिवाय फार थंडीत त्या नळकांड्यातला गॅस वर यायला मागत नाही, ही त्याची दुसरी तक्रार. तीही फ्रीझरमध्ये तपासलेली.

त्याच्या कसोट्या अशा असत. लोकरीचे ओले हातमोजे घालून कंदील पेटवता आला पाहिजे. कडीत कोपर अडकवून उचलता आला पाहिजे, कारण हातात गळ असतो. आणि उजेड पिवळा हवा. पांढऱ्या दिव्याखाली सगळा बर्फ कागदासारखा दिसतो, म्हणाला. पिवळा दिवा खाली, जमिनीलगत ठेवला की प्रत्येक चिरेला सावली पडते. मला हे सगळं खूळ वाटायचं, पण मी पुन्हा पुन्हा कुंपणाशी जायचो. घरात बायको दिवसभर हेडफोन लावून मीटिंगमध्ये असायची. ‘जा, आजोबांकडे जा,’ ती मला हाताने खुणावायची. ‘मला मुलं नकोत म्हटलं होतं, तर देवाने तुम्ही दोघं दिलेत.’

शेवटी उरला रॉकेलचा. काचेचा गोळा, वात वर-खाली करायची चकती, तारेची कडी. लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्या घरी असलेला, आणि इन्व्हर्टर आल्यावर आईने भंगारवाल्याला दिलेला तोच. ऑनलाइन जाहिरात बघून आम्ही तो घ्यायला गेलो. मी गाडी चालवत होतो, तो मागे, खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क. एका बाईने गॅरेजच्या दारात स्टुलावर कंदील ठेवला आणि ती मागे सरून उभी राहिली. मी उचलला. काच ठीक. वातीची चकती थोडी घट्ट.

‘चकती अडकतेय,’ मी म्हणालो, ‘निम्म्यात द्या.’

बाई विचारात पडली. देणार होती. माझी नजर चुकत नाही.

मागून आवाज आला, ‘बाई, याचं ऐकू नका. चकती घट्टच असायला हवी. सैल असेल तर वात घसरते. तुमचा भाव कमी आहे.’

त्याने मागितल्यापेक्षा जास्त दिले. परतीच्या वाटेवर मी इतका संतापलो होतो की दोनदा चुकीच्या वळणावर गेलो.

‘तुम्ही माझी अब्रू घालवली, मेनीर. सौदा माझा होता.’

‘सौदा तुझा होता. कंदील माझा आहे.’

‘मग मला कशाला नेलंत?’

‘गाडी तुझी आहे.’ आणि मग, पुष्कळ वेळाने, ‘बूरमान, बर्फावर मी तुझ्याबरोबर जाईन. कंदिलाचा दोष लपवला नाहीस, उलट मोठा करून सांगितलास. बर्फावर असाच माणूस लागतो.’

हे कौतुक होतं की टोमणा, मी अजून ठरवलेलं नाही. पण त्या दिवसापासून त्याने ‘मी जाईन’ म्हणणं सोडलं, ‘आपण जाऊ’ म्हणायला लागला.

नोव्हेंबरात तो जिन्यावरून पडला. इथले जिने म्हणजे शिडीच. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तो घरी आला. मुलगा फेल्डहोवनला असतो, चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करणारा इंजिनिअर, नम्र, नीटनेटका. त्याने मला फोन केला. वडिलांना काही महिने वृद्धाश्रमात ठेवायचंय, वसंतात परत आणू, पण ते नाहीच म्हणतात. ‘तुमचं ते ऐकतात. तुम्ही सौदे करता ना? हा एक करून द्या.’

केला. म्हातारा स्वयंपाकघरात खिडकीच्या आत बसलेला, आम्ही दोघं बाहेर बागेत, कारण घरात जायची चोरी. खिडकी फटीएवढी उघडी. मी बोललो, तो नेय म्हणाला, मी थांबलो. एव्हाना मला थांबायला येत होतं. मग त्याने अट घातली. माणूस पेलेल असा बर्फ धरला की एक सकाळ त्याला बाहेर काढायचं. चाकाच्या खुर्चीतून का होईना. शेजारी बरोबर असेल.

‘नक्की, पप्पा,’ मुलगा म्हणाला.

‘हात दे.’

त्यांच्याकडे गुरांच्या बाजारात जुनी पद्धत होती. प्रत्येक भावाला तळहातावर तळहात मारायचा. शेवटची टाळी बसली की सौदा पक्का. कागद नाही, सही नाही. आमच्या रुमालाखालच्या बोटांसारखंच. पण त्या दिवसांत हाताला हात लावायचा नव्हता. म्हाताऱ्याने आतून काचेवर तळवा ठेवला. मी बाहेरून मारला. मग मुलाने मारला. काच थरथरली. मी साक्षीदार आहे.

पुढच्या आठवड्यात तो शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात गेला. कंदील आणि बर्फ फोडायची पहार माझ्याकडे ठेवून गेला.

फेब्रुवारीत थंडी आली. ईशान्येचा वारा, मग बर्फ, मग निरभ्र आकाश आणि अशी थंडी की दाराची कडी बोटाला चिकटावी. सगळं गाव कालव्यांवर स्केट घेऊन उतरलं. मी रुंद पाण्याच्या कडेला गेलो, कारण म्हातारा म्हणायचा की उथळ पाणी आधी गोठतं, त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. तिथे बर्फ काळा होता, काचेसारखा. खाली वाळलेलं गवत दिसत होतं. दोन माणसं मासे पकडत बसली होती. मी त्यांच्यापर्यंत चालत गेलो. खालून एकदा लांब, खोल आवाज आला आणि माझे पाय जागच्या जागी खिळले.

‘तो ताणतोय,’ त्यातला एक म्हणाला. ‘चांगलं आहे. गप्प झाला की घाबर.’

मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, शनिवारी सकाळी सात वाजता आणतो, वृद्धाश्रमाशी बोलतो. वृद्धाश्रमात एकाच माणसाला भेटीला परवानगी होती आणि तो माणूस मुलगा होता. म्हाताऱ्याला फोनवर धड ऐकू यायचं नाही. म्हणजे मधला दुवा तोच.

शनिवारी संचारबंदीचे तास संपल्यावर मी निघालो. बायको उठून बसली. ‘अरे, फ्रीझर साफ करताना तुला सर्दी होते, आणि तू तलावावर चाललास?’ पण तिने थर्मास भरून दिला, आणि घोंगडी दोन दिल्या. ‘एक आजोबांच्या पायावर घाल. खुब्यावरून नीट घाल.’

म्हाताऱ्याच्या लोखंडी पहारीने मी भोक पाडलं. कंदील त्याच्याजवळ खाली ठेवला. आणि खरंच, त्या पिवळ्या उजेडात बर्फावरची प्रत्येक रेघ सावली घेऊन उभी राहिली. मी चिरा बघत बसलो. किनाऱ्यावरच्या रस्त्याने गाडीचे दिवे आले की उभा राहायचो. उजाडलं. मग निरोप आला. ‘पप्पांना थकवा आहे. यायला नको म्हणतात. सॉरी.’

मला म्हाताऱ्याचाच राग आला. मुलाचा नाही. एवढी वर्षं लोकांचा जीव खायचा आणि ऐन वेळी हात काढून घ्यायचा! सौदा मोडणाऱ्याला मी माफ करत नाही. बर्फ आठवड्याभरात वितळून गेला, आणि मी त्याला एक कार्डसुद्धा पाठवलं नाही.

निर्बंध सैल झाले तेव्हा, उन्हाळ्याच्या तोंडाशी, बायकोने मला ढकलून पाठवलं. वृद्धाश्रमाच्या बागेत तो खुर्चीत बसला होता, निम्मा झालेला. मी तोंड घट्ट करूनच गेलो होतो.

‘बूरमान,’ तो म्हणाला, ‘तुझे आभार मानायचे राहिले.’

‘कशाचे?’

‘बर्फ बघून आलास त्याचे. मुलगा म्हणाला, शेजारी स्वतः रुंद पाण्यापर्यंत गेला आणि म्हणाला, माणूस पेलणार नाही. इथल्या काळजी घेणाऱ्या सगळ्या मुली म्हणत होत्या की लोक स्केटिंग करतायत. मी म्हटलं, उथळ पाण्यावर करत असतील. तुझं नाव घेतलं म्हणून मी गप्प बसलो. दुसऱ्या कुणाचं घेतलं असतं तर चालत आलो असतो.’

तोंडात आलेलं वाक्य मी कसं अडवलं ते माझं मला माहीत. कारण लगेच तो सांगायला लागला की मुलगा दर रविवारी एवढ्या लांबून येतो, हेरिंग आणतो, नखं कापून देतो. सांगताना त्याने मला आपले हात दाखवले. नखं खरोखर नीट कापलेली होती. त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं. ते मी त्याच्यापासून काढून घ्यावं का?

‘हो,’ मी म्हणालो. ‘पातळ होता.’

‘रंग?’

‘पांढरा.’

‘आत हवा?’

‘बरीच.’

‘आवाज?’

‘नव्हता.’

तो एकेक उत्तर मान हलवून घेत होता, परवान्यांच्या खिडकीवर कुणाचा नकाशा तपासत असल्यासारखा. ‘कंदील नेला होतास?’

‘नेला होता की.’

‘खाली ठेवलास ना? कुठे?’

‘भोकापाशी,’ मी म्हणालो.

बोलून गेलो. माणूस न पेलणाऱ्या बर्फावर कुणी भोक पाडायला जात नाही. हे मला कळायच्या आत त्याला कळलं. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या अर्जातली खोटी मापं पकडली, त्याला एवढंसं पकडायला किती वेळ लागणार? मी वाट बघत होतो की तो नेय म्हणेल. नेय म्हणाला असता तर मला पुढचं बोलता आलं असतं, सगळं सांगून टाकता आलं असतं.

‘कॉफी थंड होतेय तुझी,’ तो म्हणाला.

त्यानंतर तो हवेबद्दल बोलला. निघताना मी नेहमीसारखं ‘येतो, मेनीर’ म्हटलं, आणि तो मला पहिल्यांदाच, आणि शेवटचंच, माझ्या आडनावाआधी ‘मेनीर’ लावून बोलला. आभार मानले. बूरमान म्हणाला नाही.

दोन-तीनदा भेट ठरवली. एकदा तिथे कोरोनाचे रुग्ण निघाले म्हणून दारं बंद झाली, एकदा तोच तापात होता. शरद ऋतूत तो गेला. अंत्यविधीला मोजकीच माणसं. मी बाडहूव्हडॉर्पच्या ऑफिसात बसून संगणकाच्या पडद्यावर बघितला. मुलगा छान बोलला. वडिलांना निसर्ग आवडायचा, म्हणाला.

मी त्याला फोन केला. शांतपणे केला, हे बायको सांगेल. तो म्हणाला, ‘एक्याऐंशी वर्षांचा माणूस, नुकतं हाड जोडलेलं, बाहेर एवढी थंडी. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?’ योग्य प्रश्न आहे. मी असतो तर तोंडावर नाही म्हटलं असतं. बापाचा राग अंगावर घेतला असता. आणायचं नव्हतं तर नव्हतं आणायचं. मुलगा म्हणून तो त्याचा अधिकार. पण त्याला बापाचा राग नको होता. म्हणून त्याने बापाला सांगितलं की शेजारी नाही म्हणतो, आणि शेजाऱ्याला सांगितलं की बाप नाही म्हणतो. ‘ते शांत राहिले ना? मग झालं तर,’ असं म्हणून त्याने फोन ठेवला.

आता घरं विकली गेली आहेत, आम्हीही तिथून निघालो. परवा मुलाचा निरोप आला. वडिलांच्या आठवणींचं एक छोटं पुस्तक कुटुंबासाठी करतोय, तुम्हीही एक पान लिहा, काहीतरी उबदार. ते पान मी लिहिणार नाही. जे लिहायचं ते इथे, माझ्या भाषेत, माझ्या माणसांसाठी लिहिलं आहे, आणि त्याचं डच भाषांतर करून त्याला पाठवणार आहे.

आणि त्याला माझं एवढंच म्हणणं आहे. तुझा बाप मला खोटारडा समजून गेला की तुला, हे आता कुणालाच कळणार नाही. पण खोटं कुणाचं होतं, ते तुला माहीत आहे. त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर, तुझ्या सगळ्या नातेवाइकांना वाचता येईल असं, स्वतःच्या नावाने लिही की त्या शनिवारी बर्फ पक्का होता, शेजारी तिथे उभा होता, आणि तू त्याच्या तोंडी जे घातलंस ते तो कधीच बोलला नव्हता. लिहिणार नसशील तर का नाही, ते मला समोर येऊन सांग. मी वाट बघतोय.